गुरुवारच्या सात तोकोच

बेगाय : अपा, तुमचा फोन जरा दाखवा.

ऊलकान : काय म्हणालीस?

बेगाय : फोन. ओढणीखाली धरलाय तो.

ऊलकान : ऐकलं गं, कान शाबूत आहेत माझे. विश्वास बसेना म्हणून पुन्हा विचारलं. सून सासूकडे फोन मागतेय! आमच्या वेळी सासूकडे सुई मागायची झाली तरी मान खाली घालून उभं राहावं लागायचं. आणि दाराशी ती बॅग कसली भरून ठेवलीय?

बेगाय : तलासला जायचंय. आईकडे. संध्याकाळच्या गाडीनं.

ऊलकान : कुणाला विचारून? तालांतला कळवलंस?

बेगाय : तुमचा लेक नोवोसिबिर्स्कला लोकांच्या भिंती रंगवतोय. त्याला काय कळवायचं? मागच्या वेळी कळवलं तेव्हा 'बरं' म्हणाला. आधी फोन दाखवा. परत यायचं की तिकडेच राहायचं, ते त्यावर ठरणार आहे.

ऊलकान : माझ्या फोनवर? अगं बाई! माझ्या फोनवर सरकार पडतंय की काय? आणि तुझ्या फोनचं काय? पीठ मळताना फोन, भांडी घासताना फोन. काचेवर कणकेची बोटं. परवा चुलीपाशी उभी राहून हसलीस, लगेच डोळे पुसलेस. हसवणारा आणि रडवणारा एकच असला की प्रकरण काय असतं ते मला कळतं. अर्धा जन्म बाजारात कापड विकलंय मी. गिऱ्हाईक घेणार की नुसतं हाताळून जाणार, ते तोंडावरून सांगते.

बेगाय : तसलं काही नाही.

ऊलकान : मग कसलं आहे? मंगळवारी कुठं जातेस?

बेगाय : सांगितलंय ना. त्या बघणाऱ्या बाईकडे. नजर उतरवते ती.

ऊलकान : हो ना. मीही म्हटलं, जाऊ दे, पोरीचा जीव थाऱ्यावर येईल. मागच्या आठवड्यात अंडी बांधून मी स्वतः गेले तिच्याकडे. माझेही गुडघे दुखतात, म्हटलं बघेल. तर दाराला हे एवढं कुलूप! शेजारीण म्हणाली, ती तर बर्फ वितळायच्या आधीच लेकीकडे तुर्कीला गेली. तर सूनबाई, तुझी नजर दर मंगळवारी कोण उतरवतंय? इस्तंबूलहून फुंकर मारतेय ती?

बेगाय : अंडी परत आणलीत का?

ऊलकान : अंड्यांचं सोड. वाचा का बारीक झाली? फोन मागताना बरी खणखणीत होती.

बेगाय : डॉक्टरकडे जाते.

ऊलकान : कसल्या डॉक्टरकडे? पोटाच्या?

बेगाय : मनाच्या.

ऊलकान : वेड्यांच्या?

बेगाय : वेड्यांच्या नाही, अपा. ज्यांना झोप येत नाही त्यांच्या. ज्यांना जेवण जात नाही त्यांच्या.

ऊलकान : नाव लिहून घेतलं का त्यांनी? खरं सांग. एकदा नोंद झाली की संपलं! आमच्या गल्लीतल्या झामिलाच्या भावाची झाली होती, शेवटपर्यंत गाडी चालवायचा परवाना मिळाला नाही त्याला. आणि लोक काय म्हणतील? सागिनच्या, तुझ्या अतांच्या घरची सून...

बेगाय : नोंद होत नाही. खाजगी आहे. म्हणूनच त्या बघणाऱ्या बाईचं नाव सांगितलं ना. तिच्याकडे गेले तर तुम्ही अंडी बांधून देता. इकडे जाते म्हटलं असतं तर?

ऊलकान : काय करते ती डॉक्टरीण?

बेगाय : ऐकते.

ऊलकान : नुसतं ऐकते? मग घरात आम्ही काय बहिरे बसलोय?

बेगाय : तुम्ही ऐकलं असतंत?

ऊलकान : ...चहा ओत. गार झालाय तो.

बेगाय : ओतते. पण फोनचं सोडणार नाही मी.

ऊलकान : सोडू नकोस. पण आधी तुझ्या फोनमधला तो कोण ते सांग. डॉक्टरीण ऐकते म्हणालीस, तर मग बोलतो कोण?

बेगाय : तो एक नाही. खूप माणसं आहेत. आमच्यासारखीच, डॉक्टरकडे जाणारी. तिथून बाहेर पडलं ना अपा, की बोलायचं राहिलेलं आठवत राहतं. घरी येऊन कुणाला सांगणार? तर आम्ही ते फोनवरच्या एका गटात लिहितो. कुणी शहाणपणा शिकवायचा नाही, नुसतं 'वाचलं' म्हणायचं, 'बसलोय इथं' म्हणायचं. डॉक्टर लोकांना तिथं बंदी आहे. खरं नाव सांगायचं नाही, दुसऱ्याचं विचारायचं नाही. आणि तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. त्याला आम्ही दस्तरखान म्हणतो, जेवायला अंथरतात तो.

ऊलकान : जेवायला काय असतं मग?

बेगाय : आम्हीच. म्हणजे प्रत्येकानं खायच्या वस्तूचं नाव घेतलंय. मी जर्दाळू.

ऊलकान : जर्दाळू! आणि दुसरी मंडळी?

बेगाय : बोरसोक आहे, अक्रोड आहे, एक खरबूज आहे, तो फार रडतो. आणि एक कुरुत.

ऊलकान : कुरुत. वाळक्या दह्याचा खडा. असलं नाव कोण घेतं? खारट मेलं, दात पाडणारं.

बेगाय : तेच मी तुम्हाला विचारतेय.

ऊलकान : मला? मला का विचारतेस?

बेगाय : कारण कुरुत म्हणजे तुम्ही आहात, अपा.

ऊलकान : मी!

बेगाय : नाटक नको. मी सगळं जुळवलंय. कुरुत पटापट लिहीत नाही. 'कुरुत लिहीत आहे', 'कुरुत लिहीत आहे' असं कितीतरी वेळ दिसत राहतं, मग एक ओळ येते. एका बोटानं टिपणारं माणूस आहे. म्हातारं आहे. एकदा मी तुमच्याबद्दल लिहिलं, तर सगळ्यांनी माझी बाजू घेतली. कुरुतनं एकट्यानं तुमची घेतली.

ऊलकान : माझ्याबद्दल? काय लिहिलंस माझ्याबद्दल?

बेगाय : ते जाऊ दे.

ऊलकान : का जाऊ दे? माझ्याच चुलीवर शिजवून, माझ्याच ताटात जेवून माझीच उणीदुणी खरबुजाला सांगतेस? बोल!

बेगाय : लिहिलं होतं की माझी सासू गोठलेली आहे. वर पाय आपटा, फुटत नाही. दवाखान्यातून मी रिकाम्या हातांनी आले त्या दिवशी तिनं माझ्यापुढं सुपाची वाटी ठेवली आणि म्हणाली, रडू नकोस, अंगावर येईल, पुढचं होईल.

ऊलकान : ...चांगलंच सांगितलं होतं मी ते.

बेगाय : बस? त्याचं नाव नाही, त्याला अजान नाही, मशिदीतला मोल्दो म्हणाला धरायचं नाही. तुम्ही सगळ्यांनी धरलं नाही. मी सात महिने धरलं होतं, अपा! पोटात धरलं होतं. कुणी एकदाही म्हटलं नाही की मुलगी होती. एवढंसुद्धा नाही.

ऊलकान : ओरडू नकोस. भिंतीपलीकडे माणसं आहेत.

बेगाय : बघा. तुम्हाला भिंतच दिसते.

ऊलकान : आणि तो कुरुत काय म्हणाला?

बेगाय : लिहिलं की, तिलाही कधी कुणी रडू दिलं नसेल. आता सांगा, सासूची एवढी कड कोण घेईल? सासूच.

ऊलकान : एवढ्यावरून तू बॅग भरलीस?

बेगाय : एवढ्यावरून नाही. कालच्या गुरुवारावरून. मी औषधांच्या दुकानातून घरी आले, फाटक उघडलं आणि वास आला. तोकोच तळल्याचा. गेलेल्यांसाठी गुरुवारी रोट्या तळून वास काढतात तसा. तुम्ही कढईपाशी उभ्या होतात. कुणाची तिथी नव्हती. आणि वास तेलाचा नव्हता. मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा होता.

ऊलकान : मग? चरबीत तळलं तर गुन्हा झाला?

बेगाय : ती चरबी ह्या घरात येत नाही. अतांच्या रक्तदाबामुळं डॉक्टरनं बंद केलीय. मला त्या दिवसांत... पोटुशी होते तेव्हा, तिचाच वास हवा असायचा. चरबीत तळलेली पातळ तोकोच, बस. लाज वाटायची मागायला. बंद केलेली वस्तू सून मागतेय म्हणाल, म्हणून बोलले नाही. कुणालाच नाही, आईलासुद्धा नाही. ते मी फक्त एकाच ठिकाणी लिहिलंय. दस्तरखानवर. आणि कुरुतनं उत्तर दिलं की, रडू नको, जर्दाळू, येत्या गुरुवारी तुझ्या पिल्लासाठी सात तोकोच तळू, चरबीतच तळू, वास पोचेल.

ऊलकान : या अल्ला.

बेगाय : मला इतकं बरं वाटलं होतं. कुठल्या तरी गावातली, कुठली तरी म्हातारी माझ्या मुलीसाठी कढई चढवणार! आणि गुरुवारी तो वास माझ्याच घरातून आला. म्हणजे इतके दिवस मी जे जे लिहिलं ते सगळं तुम्ही ओढणीखाली धरून वाचत होतात. माझ्यासाठी झाकून ठेवलेल्या त्या एका तोकोचला मी शिवलेसुद्धा नाही. तिथं एकच जागा होती मला, अपा. एकच. तीही तुम्ही घेतलीत.

ऊलकान : घे.

बेगाय : काय?

ऊलकान : फोन घे! बघ! उघड सगळं. तुझा तो दस्तरखान सापडला तर मला तलासपर्यंत चालत पाठव.

बेगाय : ...हे काय आहे?

ऊलकान : काय काय?

बेगाय : रंगीत गोळ्या फोडायचा खेळ. तुम्ही खूप पुढच्या पायरीवर आहात.

ऊलकान : म्हाताऱ्याला सांगू नकोस. नमाजानंतर जप करते असं वाटतं त्याला.

बेगाय : एवढंच आहे यात. नातेवाइकांचे निरोप, लोणच्याचे व्हिडिओ. दस्तरखान नाही.

ऊलकान : अगं, मला अक्षरं शोधायला चष्मा लागतो. मी कशाला कुरुत होऊ? बोलायचं असलं तर मी तोंडावर बोलते. सगळी गल्ली साक्षीला आहे.

बेगाय : मग ती चरबी?

ऊलकान : मी कुठं म्हटलं मला हौस आली होती? म्हाताऱ्यानं आणली.

बेगाय : कोणी?

ऊलकान : आमच्या म्हाताऱ्यानं! तुझ्या सासऱ्यानं! ओश बाजारातून स्वतः घेऊन आला, कागदात गुंडाळून, कोटाच्या आत लपवून, चोरासारखा. म्हणाला, ह्यात तळ, तेलात नको. म्हटलं, मरायचंय का तुला? म्हणाला, मला खायची नाहीये. मग कोणाला? तर कोट उतरवायला लागला. आणि आता तू फोन कशाला खाली ठेवलास?

बेगाय : काही नाही. फोन घ्या तुमचा. माझं चुकलं, अपा.

ऊलकान : थांब, थांब. आता मी सुरू केलंय तर पुरं ऐक. मला कुणी डॉक्टरीण नाही ऐकायला. तो म्हातारा आणि तू, दोघांच्या मधली पोस्टमन मी! सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, समोर बसायचं नाही. आमच्या नारीनकडच्या घरांतली रीत. चहा दे म्हणायला मी, झाला म्हणायला मी. सगळ्यांचे निरोप मी पोचवायचे आणि मला मात्र कुणी काही सांगायचं नाही.

बेगाय : सांगा ना. ऐकतेय.

ऊलकान : त्याची कोणीतरी बाई आहे.

बेगाय : अपा!

ऊलकान : हसतेस काय? शुक्रवारी बागेत बुद्धिबळ खेळायला जातो म्हणतो. परवा त्याचा जोडीदार एसेनगुल बाजारात भेटला. म्हणाला, सागिन आजारी आहे का, हिवाळ्यापासून फिरकला नाही. मग शुक्रवारी कुठं जातो? आज पण गेलाय. दाढी करून! आणि तू म्हणालीस तसंच, एका बोटानं फोनवर टुकटुक. घरात नाही करत. अंगणातल्या त्या मोडक्या मिनीबसमध्ये जाऊन बसतो, चालकाच्या सीटवर, दार लावून. चाकं नाहीत, काचा नाहीत, आणि हा तासन् तास कुठं चाललेला असतो कुणास ठाऊक. मी गेले की फोन मांडीखाली.

बेगाय : बातम्या वाचत असतील.

ऊलकान : बातम्या वाचून कुणाचे डोळे सुजतात? आणि काल! तोकोच पुढ्यात घेऊन दुआला बसला. एरवी बापाचं, आज्याचं, सगळ्यांची नावं मोठ्यानं घेतो, शेजाऱ्यांना ऐकू जातील अशी. काल नुसते ओठ हलले. आवाज नाही. नाव गिळलं त्यानं. आता सांग, जिचं नाव बायकोसमोर घेता येत नाही, ती मेलेली कोण? तरुणपणी ट्रक घेऊन सगळीकडे फिरायचा. ठेवली असेल एखादी जलालाबादला.

बेगाय : नाही हो, अपा. तसं नाही.

ऊलकान : तुला काय माहीत?

बेगाय : मला... मला वाटतं, तसं नसेल.

ऊलकान : तुझे कान लाल झालेत.

बेगाय : चुलीजवळ बसलेय.

ऊलकान : चूल विझलीय. मघापासून खडसावत होतीस, आता शब्द चावून बोलतेस. काय माहीत आहे तुला? कुरुत काय लिहितो अजून? कुठला आहे तो?

बेगाय : तो आहे की ती आहे तेच माहीत नाही. आणि तिथलं बाहेर आणायचं नसतं. नियम आहे.

ऊलकान : मला कुरुत समजत होतीस तेव्हा बरी सगळं बाहेर काढत होतीस. आता नियम आठवला?

बेगाय : अपा, एक विचारू? रागावू नका.

ऊलकान : रागवायचं का ते ऐकल्यावर ठरवीन.

बेगाय : तालांतच्या आधी ह्या घरात पाळणा हलला होता का?

ऊलकान : कोण म्हणालं तुला?

बेगाय : कुणी म्हणालं नाही. वाचलं कुठंतरी.

ऊलकान : तालांतलासुद्धा माहीत नाही ते. हे घर बांधायच्याही आधीची गोष्ट. कुणालाच माहीत नाही, ज्यांना होतं ते सगळे मातीत गेले. फक्त मी आणि...

बेगाय : अपा, पाणी देऊ?

ऊलकान : गप्प बस जरा. मुलगी होती. चाळिसाव्या दिवसापर्यंतही पोचली नाही. चाळीस चमचे पाणी घालून पहिली आंघोळ घालतात ना, त्याचा चमचा मी आणून ठेवला होता, लाकडी, नवा. ताप आला आणि गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या सासूनं पाळणा उचलून शेजारच्यांना दिला. म्हणाली, रडू नकोस, दूध आटेल, पुढच्याला लागेल. आणि माझ्यापुढं सूप ठेवलं.

बेगाय : सूप.

ऊलकान : हो. सूप. मी तेच केलं, कळतंय मला. मला दुसरं काही येतच नाही गं पोरी. मला तेवढंच दाखवलं होतं.

बेगाय : आणि अता?

ऊलकान : तो माती देऊन आला आणि ट्रक काढून निघून गेला. माल टाकायचा होता म्हणे. परत आला तो तोंडाला कुलूप लावूनच. एक शब्द नाही. नाव नाही घेतलं तिचं, आजपर्यंत नाही. मी म्हटलं, दगड आहे हा. बाप असून विसरला. मग मीही दगड झाले. एका घरात दोन दगड असले की बरं असतं, एकमेकांना लागत नाही.

बेगाय : तिचं नाव काय होतं?

ऊलकान : तुला कशाला?

बेगाय : असंच.

ऊलकान : आयसुलू.

बेगाय : छान आहे.

ऊलकान : तोंडातून कधी काढलं नव्हतं. जड वाटतंय. ...बेगाय, काल तळताना माझ्या मनात आलं होतं. वाटलं, तिच्यासाठी असेल का? म्हाताऱ्याला इतक्या वर्षांनी आठवली असेल का? विचारायची छाती झाली नाही. नाही म्हणाला असता तर? त्यापेक्षा बाई आहे असं समजणं सोपं.

बेगाय : तिच्यासाठीच असणार.

ऊलकान : खरं?

बेगाय : दुसरं कोण असणार? ज्याचं नाव मोठ्यानं घेता येत नाही असं दुसरं कोण आहे तुमच्या घरात? तिच्यासाठीच तळायला लावल्या त्यांनी. सातही.

ऊलकान : सातही.

बेगाय : हो.

ऊलकान : तू फार चांगली पोर आहेस. पण खोटं बोलायला शिकली नाहीस.

बेगाय : मी कुठं...

ऊलकान : आयसुलूच्या वेळी मला हिरव्या सफरचंदांचे डोहाळे होते. सासऱ्यांच्या झाडाची कच्ची, आंबट. चरबीचा वास आला तर मी परसात पळायचे. म्हाताऱ्याला माहीत आहे ते, त्यानंच झाडावर चढून पाडली होती. तिच्यासाठी असतं तर तो सफरचंदं घेऊन आला असता. चरबीचे डोहाळे दुसऱ्या कुणाचे तरी आहेत.

बेगाय : अपा...

ऊलकान : आणि तळून झाल्यावर म्हणाला, एक झाकून ठेव, सुनेला गरम असताना दे. एवढ्या वर्षांत त्यानं कधी सुनेच्या ताटाची चौकशी केली नाही. मी म्हटलं, आज सूर्य कुठून उगवला? म्हणजे तुझ्या फोनमधला बाप्या आणि माझ्या म्हाताऱ्याच्या फोनमधली बाई...

बेगाय : अपा, नका. पुढं बोलू नका. पाया पडते.

ऊलकान : का?

बेगाय : तुम्ही बोललात तर मला ते कळलं असं होईल. मग त्यांना कळेल की मला कळलं. मग ते तिथून उठून जातील, आणि घरात मान खाली घालतील, आणि मी घालीन, आणि तुम्ही परत निरोप नेत बसाल. तिथं कुणी सून नसतं. कुणी सासरा नसतं. तिथं नुसतं, बसलोय इथं, असं असतं.

ऊलकान : म्हणजे म्हातारासुद्धा वेड्यांच्या... म्हणजे तसल्या डॉक्टरकडे? दाढी करून?

बेगाय : मला माहीत नाही. मी काही म्हटलेलं नाही.

ऊलकान : नोंद नाही ना होत?

बेगाय : नाही होत.

ऊलकान : बरं. मीही काही ऐकलं नाही. बुद्धिबळ खेळायला जातो तो. एसेनगुलला विसरायची सवय आहे. ...तो तिथं माझ्याबद्दल काय म्हणाला होता, परत सांग.

बेगाय : तिलाही कधी कुणी रडू दिलं नसेल, असं लिहिलं होतं.

ऊलकान : मेला. हे मला कधी म्हणाला नाही.

बेगाय : घ्या, ओढणीनं नका पुसू. हा रुमाल घ्या.

ऊलकान : डोळ्यांत धूर गेलाय.

बेगाय : चूल विझलीय, अपा.

ऊलकान : उलट बोलतेस? फाटक वाजलं. आला तो. तोंड धू, मी पण धुते. आणि ती झाकलेली तोकोच घे, तव्यावर टाक. गार चरबी घशाला चिकटते.

(म्हातारा सागिन दारात येऊन बूट काढतो. बेगाय पाठ न दाखवता भिंतीकडे सरकून उभी राहते, ओढणी कपाळावर ओढते. सागिन तिच्याकडे बघत नाही, दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बघतो.)

ऊलकान : जिंकलास का?

सागिन : काय?

ऊलकान : बुद्धिबळ.

सागिन : ...बरोबरी झाली.

ऊलकान : बस. चहा ओतते.

सागिन : ऊलकान, सुनेला विचार, ती बॅग कुठं चाललीय.

ऊलकान : कुठं चाललीय गं बॅग?

बेगाय : अपा, अतांना सांगा, तलासला जाणार होते.

सागिन : सुनेला सांग, जायचं असेल तर मी स्टँडवर सोडून येतो. बॅग जड दिसतेय. कुणी अडवणार नाही म्हणावं. आणि... परत यायचं असेल तेव्हाही न्यायला येईन म्हणावं.

ऊलकान : ऐकलं तिनं. बहिरी नाही ती.

बेगाय : अपा, अतांना सांगा, आज नाही जात. बॅग आत नेते.

सागिन : बरं.

ऊलकान : नुसतं बरं? मुलगा तुझ्यावरच गेलाय.

सागिन : सुनेला विचार... कालची तोकोच तिनं खाल्ली का. नसेल आवडली तर राहू दे म्हणावं. चरबी जरा जुनी होती बहुतेक.

ऊलकान : खातेय ती आत्ताच. तव्यावरून काढलीय. कशी झालीय गं?

बेगाय : अपा, अतांना सांगा... वास पोचला.

ऊलकान : ऐकलंस ना, म्हाताऱ्या? पोचला म्हणतेय. दोघी पोरींनाही.